‘येते’ म्हणून गेले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवळात हात जोडताना देवालाही नाही. देवाला न सांगताच सगळं कळतं म्हणतात — मोठी सोय आहे ती. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला बाजारात भेटणार नाही.

मी कुडाळजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. चांगली बाई म्हणून माझं नाव आहे. ओरोसला प्रशिक्षण असलं की ‘सर्वसमावेशक शिक्षण’ या विषयावर बोलायला मलाच उभं करतात, आणि मी बोलते — न अडखळता. प्रत्येक मूल वेगळं असतं, फुलासारखं असतं, वगैरे. समोरचे शिक्षक मोबाइल बघत असतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. आम्ही एकमेकांना शोभतो.

अक्षता आठवीत माझ्या वर्गात आली. ऑटिझम होता तिला. तीन वर्षांची असल्यापासून आई तिला एसट्या बदलत थेरपीला नेत होती. काजूची बाग दिरावर सोडून. तिथे चित्रं दाखवून बोलायला शिकवलं, म्हणून पोरगी पुस्तकातल्यासारखं बोलायची. आजूबाजूला सगळी मालवणी, आणि ही म्हणणार, “मला पाणी हवे आहे.” वर्ग फिदीफिदी हसायचा. स्टाफरूममध्ये तिची नक्कल कोण करायचं? मी. छान जमायची मला.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली होती, “बाई, तिका जां सांगशात तां ती धरून बसतली. वायच बघून सांगा.” मुलीने चारचौघांसारखी दहावी करावी, यापलीकडे त्या बाईला काही नको होतं.

आणि मला तिचा कंटाळा आला होता. राग नव्हे, कंटाळा. मी वाक्प्रचार शिकवायचे आणि ही हात वर करून विचारायची, पोटात कावळे जातील कसे? रोज. भाषा शिकवणाऱ्या बाईला शब्दांचा नेमका अर्थ विचारणारी मुलगी नकोशी व्हावी — काय लायकीची बाई असेल ती?

सहल तोंडवलीच्या समुद्रावर गेली. अक्षता अर्थातच माझ्या गळ्यात. जेवणं झाली, बाकीच्या बाई सुरूच्या सावलीत गजाली मारत बसल्या, आणि मला तिथे जायचं होतं. एवढंच. तिला वाळूत बसवलं आणि म्हटलं, “इथेच बस. मी येते.”

आता आपण निघताना काय म्हणतो? ‘जाते’ कोण म्हणतं? ‘येते’ म्हणायचं आणि चालू लागायचं. शेंबड्या पोरालाही कळतं. तिला कळणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून तर म्हटलं — जागची हलणार नाही, मागे येणार नाही.

गजालींत वेळ कसा गेला कळलं नाही. बस भरली. मुख्याध्यापकांनी विचारलं, सगळी आली ना? मी मान हलवली. मी तिला विसरले होते. खरंच विसरले होते — हे सांगून मला काय मिळणार आहे?

अर्ध्या वाटेत एका मुलीने विचारलं, “अक्षता खंय आसा?” बस वळवली. भरती चढली होती. ती होती तिथेच बसलेली, कमरेएवढ्या पाण्यात. एक कोळीण तिला ओढून काढत होती आणि ती कोळणीच्या हाताला चावत होती. तिला थांबायचं होतं ना, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, अक्षता आणि तिची आई समोर असताना, मी सांगितलं — बसकडे चल म्हटलं, तर हात सोडून पळाली. अक्षता म्हणाली, “बाई ‘येते’ म्हणाल्या. मी थांबले.” मुख्याध्यापकांना हसू आलं. “अगो, येतंय म्हणजे जातंय. इतक्यापण तुका कळणा नाय?”

झालं. पळते, चावते, साधं बोलणं समजत नाही. जबाबदारी कोण घेणार, म्हणून आईला दाखला न्यायला सांगितला. अक्षता आता घरी काजू सोलते. मी एक वाक्य बोलले असते तर नोकरी गेली नसती. फार तर चार लोकांत बोलणी खावी लागली असती. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

तिला खोटं बोलता येत नाही, हे तिच्या आईला पक्कं माहीत होतं. पण समोर शिकलेली बाई होती. त्या दिवशी ऑफिसातच आई मुलीला म्हणाली, “बाईंची माफी माग गो. खोटां बोललंस तू.”

अक्षताने माझ्या कानाकडे बघत, थेरपीत घटवलेल्या सुरात म्हटलं, “माझी चूक झाली. मला माफ करा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिला माफ केलं.