नळीतला पीळ

"आक्का, सून गुणाची हाय, पन बोलत कशी न्हाई गं? मुकी तर न्हाई ना पदरात पडली?"

हे वाक्य माझ्या कानावर पडायचं नव्हतं. लग्नाला तीन आठवडे झाले होते. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, आणि बोलणारे संगमनेरचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी मेथी निवडता निवडता उत्तर दिलं, "बोलंल की. तुमी तिला मधी घुसायला फट तर ठेवा."

ट्रे हातात होता म्हणून, नाहीतर मी तिथेच त्यांच्या पाया पडले असते. चहा तेवढ्यात निवला. मामांनी तेही बोलून दाखवलं.

फट मिळणं अवघडच होतं. आमच्या नगरच्या घरी दर रविवारी रायफलवाल्यांची बैठक बसते, आणि बैठकीमागे एक किस्सा ठरलेला. मागचा सांगून संपत नाही तोवर पुढचा घडतो. न बोलणाऱ्या माणसाकडे ते सगळे साठत जातात, कारण तो वाटून टाकत नाही.

*

बैठकीत माणसं चारच. सासरे अण्णा, फौजेत वीस वर्षं रायफली दुरुस्त करून निवृत्त झालेले. नणंद सायली, जी पन्नास मीटरवर पालथं झोपून नेम धरते. आढाव सर, जे नेमबाजीची रेंज चालवतात आणि रविवारची प्रार्थना आटपून चर्चमधून थेट आमच्याकडे येतात. चौथे मामा. त्यांची दूध डेअरी आहे आणि त्यांनी जन्मात रायफल हातात धरलेली नाही, त्यामुळे मतं सगळ्यात जास्त त्यांचीच.

विषय सायलीच्या रायफलचा. जुनी नळी झिजली होती. नवी परदेशातून मागवायची, यायला आठ महिने, आणि एकदा मागवली की बदलून मिळत नाही. फॉर्मवर एक रकाना होता, पिळाचा. नळीला आतून स्क्रूसारखे आटे असतात. गोळी त्यातून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. तो एक पूर्ण फेरा किती इंचांत, हे आधी लिहून द्यायचं. आकडा चुकला की पुढच्या वर्षीची निवड चाचणी सायलीच्या हातून गेली. मागची एका गुणाने गेली होती. तेव्हापासून ती जेवताना मोजून बोलायची.

पहिल्याच रविवारी सर म्हणाले, "अण्णा, आज पीळ किती घ्यायचा ते ठरवून टाकू."

आई आतून म्हणाल्या, "पिळासाटी परदेशात कशाला जाता? ह्या घरात काय कमी हाय व्हय?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. मुद्दा सिद्ध झाला.

*

मामांचा सिद्धांत सोपा होता. पीळ जितका जास्त तितका बरा. "दाजी, ताकाचं बघा. रवी जितकी फिरंल तितकं लोनी. गोळीबी तशीच. लई फिरवायची."

सरांनी समजावून पाहिलं, की गोळीला लागेल तेवढंच फिरवायचं असतं. जास्त फिरवली तर तिच्यातला बारीकसा दोषही मोठा होतो. मामा ऐकेनात. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता.

आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुजी डेअरी हाय ना? मग लोनी आल्यावरबी रवी फिरवत बसलं की काय हुतं?"

मामांनी मोबाईल खिशात घातला. मग म्हणाले, "फुटतं."

त्या दिवशी बैठक लवकर संपली.

*

लग्नानंतर आम्हा दोघांना अण्णा शनिशिंगणापूरला घेऊन गेले. तिथल्या घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना ठाऊक. अण्णांनाही ठाऊक होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. हा माणूस सायलीच्या एका रायफलसाठी दोन कपाटांना दोन कुलपं घालतो. बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो भाग, एका कपाटात, रायफल दुसऱ्यात. झोपायच्या आधी दोन्ही ओढून बघतो.

दर्शन झालं. तेल-नारळाच्या दुकानाशी अण्णा थांबले, चौकटीवरून हात फिरवला, बिजागरी शोधली. मग दुकानदाराला गंभीरपणे विचारलं, "रायफल कुठं ठेवता मग?"

दुकानदाराने पुडी बांधता बांधता सांगितलं, "आमच्याकडं रायफल न्हाई, सायेब. देव हाय."

परतीच्या वाटेवर अण्णा मागे वळून चौकटी बघत राहिले. घोडेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "तरी बोल्ट वेगळा ठेवायला पाहिजे."

*

मला रेंजवर नेलं तेही अण्णांनीच. "घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी नेम धरून बघावा," म्हणाले. स्वतःचे कान झाकायचे हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि पट्टा घट्ट केला. एकदम सगळं शांत. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी शांतता. मी ती पाच मिनिटं तशीच पुरवून वापरली. नेम नंतर धरला.

अण्णांनी एक हेडफोन बाजूला करून सांगितलं, "श्वास अर्धा सोड, अर्धा आत ठेव, मग चाप."

मी तसं केलं. गोळी कागदाला लागली, एवढंच सांगते. कुठे ते सायलीलाच ठाऊक, आणि तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

अण्णा मात्र खूश होते. "हिला अवघड न्हाई. ही बोलतानाबी अर्धं आतच ठेवती."

*

आता खरी अडचण. तीन रविवार वाद घालून अण्णांनी निकाल दिला. दहा इंचांत एक फेरा. त्यांनी फौजेत ज्या जुन्या बोल्टच्या रायफली दुरुस्त केल्या, त्यांचा पीळ दहाच होता. वीस वर्षांत हाताला बसलेला आकडा. त्यापुढे सर नरमले. ते वयाने लहान, आणि रेंजचं छप्पर अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं.

मला तो दहा पटेना. मी नागापूरच्या एका कारखान्यात स्क्रूचे आटे तपासते. लग्नाआधी तीन वर्षं आणि आताही, फक्त बसचा थांबा बदलला. किती अंतरात किती फेरे हेच दिवसभर बघते. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला त्यांना फट मिळाली नसणार.

बुधवारी दुपारी माझी सुट्टी होती. सायली ओट्यावर रायफल साफ करत बसली होती, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला. मी विचारलं, "तुझी गोळी केवढी असते?"

तिने बोटाने दाखवलं. शेंगदाण्याएवढी.

"आणि अण्णांच्या रायफलींची?"

"बोटाच्या दोन पेरांएवढी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. लांब गोळीला जास्त पीळ लागतो, आखूड गोळीला कमी, म्हणजे एका फेऱ्याला जास्त इंच. अण्णांचा आकडा खोटा नव्हता, दुसऱ्याच गोळीचा होता.

तिची जुनी नळी झिजण्याआधी उत्तम मारायची. मग तिलाच विचारायचं. अण्णांचा साफसफाईचा गज घेतला, टोकाला चिंधी घट्ट बसवली. गज पिळाबरोबर फिरताना दिसावा म्हणून खूण हवी होती. मी कपाळावरची टिकली काढून मुठीजवळ गजाला लावली. सायली हळूहळू गज आत ढकलत गेली. टिकली वर होती, बाजूला गेली, खाली गेली, पलीकडून फिरून पुन्हा वर आली. आईंनी शिवणाची टेप धरली होती. मी तीनदा मोजायला लावलं, कारखान्याची सवय.

"अण्णांना कोण सांगणार?" सायली म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी बापाला शिकवती."

आई म्हणाल्या, "मी सांगितलं तर म्हनतील, तू पोळी बघ."

मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी टेप गुंडाळत होते. ती बराच वेळ गुंडाळत होते.

*

रविवार आला. सर संध्याकाळी फॉर्म घेऊन पुण्याला निघणार होते. अण्णांनी चष्मा लावला, कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास लिहिला, लांबी लिहिली, पिळाच्या रकान्यावर आले. सायली नखं बघत होती. आई चक्क बैठकीत येऊन बसल्या होत्या.

अण्णांनी एकाचा आकडा लिहिला.

"अण्णा," सर चाचरत म्हणाले, "दहाच का, एवढं एकदा सांगा. तिकडं कुणी विचारलं तर मला सांगता यावं."

समजावून सांगायचं म्हटलं की अण्णांना हातात काहीतरी लागतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, कोपऱ्यातला गज उचलला आणि गुरुजींच्या छडीसारखा हवेत धरला. "हे बघा, समजा ही नळी..."

आणि थांबले. मुठीजवळ एक मरून रंगाची टिकली होती.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. मग आईंच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे रुपयाएवढं कुंकू. सायलीकडे पाहिलं. ती जन्मात टिकली लावत नाही. मग सगळेच माझ्याकडे बघू लागले. माझ्या कपाळाला हिरवी होती, पाकिटातली. मरून संपल्या होत्या.

"माज्या गजाला टिकली?" अण्णा म्हणाले.

मामांनी तोंड उघडलं, तर आईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. इतकी शांतता मी रेंजवर हेडफोन लावूनच ऐकली होती. केवढीतरी मोठी फट.

मी श्वास अर्धा सोडला.

"माझी आहे, अण्णा. सायलीच्या नळीत गज सोळा इंच आत जातो, तेव्हा तिचा एक फेरा होतो."