कोपऱ्यावरचे ठिपके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसमधल्या कुणाला तर नाहीच. मराठीत लिहितेय, कारण ऑफिसमध्ये कुणी मराठी वाचत नाही — हेही सांगून टाकलेलं बरं.

मी कॉलेजांच्या आतल्या जागा डिझाइन करते. लायब्ररी, वर्ग, मुलांनी गटात बसून प्रोजेक्ट करायच्या खोल्या. चाकांची टेबलं, लिहिता येईल अशा भिंती, भरपूर काच. गटात काम करून मुलं शिकतात यावर माझा खरंच विश्वास आहे. पण गटात जाण्याआधी काहींना जरा एकटं बसावं लागतं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझं स्वतःचं कॉलेज लायब्ररीतल्या एका खांबामागे गेलं. तिथे बसून विचार करायचा, शब्द जुळवायचे, मग गटात जाऊन बोलायचं. ऑफिसमध्ये हे कुणाला माहीत नाही. मी गप्प असते ती कामात असते म्हणून, असंच सगळे समजतात.

गुडगावच्या पुढे एक कॉलेज आहे, त्याचं काम होतं. आम्ही मुलांना बोलावलं, फळ्यावर निरनिराळ्या जागांची चित्रं लावली आणि प्रत्येकाच्या हातात चिकटवायचे हिरवे ठिपके दिले. जी जागा हवी, तिच्यावर ठिपका. बहुतेक ठिपके काचेच्या मोठ्या हॉलवर पडले. शेवटचं चित्र एका कोपऱ्याचं होतं — भिंतीकडे तोंड केलेली टेबलं, मध्ये लाकडी आडोसे. ते मीच घातलं होतं. त्याच्याजवळ कुणी गेलं की मागून आवाज यायचा, "ओए, ये पढ़ाकू कॉर्नर किसको चाहिए, यार?"

तरी काहींनी ठिपका लावलाच. बाकीचे चहाला गेल्यावर, एकेकटे येऊन. मंजिरी नावाच्या मुलीने तर सगळ्यांत आधी, माझ्यासमोर लावला. तिचे वडील फौजेत, घर कॅन्टोन्मेंटमध्ये. मला आईशी फोनवर बोलताना ऐकून ती आपणहून मराठीत बोलायला आली होती.

"ताई, हे नक्की करा हं. सगळ्यांच्या मध्ये बसलं ना, की माझं डोकंच चालत नाही."

मी म्हटलं, बिल्कुल.

दुपारी प्राचार्य आणि ऑफिसमधले माझे सर फळा बघायला येणार होते. मी खोलीत एकटी होते. कोपऱ्यावर सात-आठ ठिपके होते. त्यांनी विचारलं असतं — हे कशाला हवं? मग मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मी स्वतःबद्दलच बोलतेय हे त्यांना कळलं असतं. एवढंच. कुणी दबाव आणला नव्हता. नोकरीही जाणार नव्हती. मग घाबरले कशाला? मी नखाने एकेक ठिपका सोलून काढला आणि कचऱ्यात टाकला.

सर म्हणाले, "देखा? कोना किसी को नहीं चाहिए."

मी मान हलवली.

हॉल झाला. देखणा आहे, फोटो चांगले येतात. राहिलेली किरकोळ कामं तपासायला गेले तेव्हा मंजिरी जिन्यात भेटली. गटात बसून करायच्या प्रोजेक्टचा विषय तिने सोडला होता. त्याऐवजी नुसत्या लेखी परीक्षेचा घेतला होता, मनात नसताना. तक्रार अशी तिने केली नाही. काचेतून आतल्या मुलांकडे बघत तिने फक्त विचारलं, "ताई, तो कोपरा मला एकटीलाच हवा होता का?"

काय सांगायचं होतं मला? की होते गं बाकीचेही. मीही होते. पण मग तिने विचारलं असतं — त्यांचे ठिपके गेले कुठे?

"हो," मी म्हणाले. "तू एकटीच होतीस."

"वाटलंच मला," ती म्हणाली. मग तिने मला चहा घेणार का विचारलं, आणि मी तिच्यासोबत कॅन्टीनमध्ये जाऊन तो प्यायले.