पाखऱ्याले मीच हाक मारली

आज शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कोणती जोडी जिंकन, ते सकाळीच या ग्रुपवर सांगितलं होतं. विसरले ना? डोक्यावरचा चश्मा घरभर शोधणारे तुम्ही!

मी पाखऱ्याची जोडी सांगितली होती. पाखऱ्या आमच्या घरचा बैल. माहा म्हातारा गेल्यावर पोरानं तो रामटेककडच्या शेतकऱ्याले विकला. त्याले पाहाले मी पटावर गेली.

जोडी सुटली अन् शेजारची केव्हाच मागं पडली. माह्या तोंडून निघालंच, "ये रे पाखऱ्याऽ!" म्हातारा अशीच हाक मारे, पण तो पटाच्या शेवटाले उभा राहे. मी मधातच दोरीपाशी होती. पाखऱ्या तिथंच वळला, जोडीदाराले ओढत माह्यापाशी आला.

मालक ओरडला, "काहून हाक मारली वं आजी? जिंकून राहिला होता ना!"

पाखऱ्या माह्या पदरात गूळ शोधून राहिला होता, अन् पदर रिकामा. टेम्पोत चढवला तरी मान माह्याकडंच.

घर बदललं, हे मुक्या जिवाले कसं सांगावं? तुम्हाले माहीत असन तर सांगा, नात लिहून घेईन.

अन् कोणी रामटेकले जात असन, तर त्याच्यासाठी गुळाची पोळी न्या. फक्त त्याच्यापुढं माहं नाव काढू नका, परत वळन.