ओठांपाशी थांबणारा फोटो

कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी गंगाखेडच्या फोटो स्टुडिओत पोचलो तेव्हा स्क्रीनवर एका बाईचे नुसते डोळे होते. खाली सगळे हिरवे पट्टे. माऊस जागीच गोठलेला.

"सकाळपास्नं असंच चालू हाय. डोळे येतेत, अन् तोंड यायच्या आत मशीन हँग," स्टुडिओवाला नागनाथ म्हणाला. मग आवाज खाली आणून, "साहेब, बाई वारलेली हाय. तिलाच फोटो नको असंल."

बाकावर त्या बाईची मुलगी मंगल बसली होती. उद्या तेरवी. आईचा हा एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत निघालेला. आई गेली तेव्हा मंगल लांब ऊसतोडीवर होती, शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "रुसलीय माझ्यावर. तोंड दावायची न्हाई."

खरं सांगतो, भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

रीस्टार्ट केलं. बाकीचे फोटो झरझर उघडले. हिचा लावला, डोळे आले आणि पुन्हा पट्टे. कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबलं, दिवा लागेना. म्हणजे अख्खं मशीन हँग.

"बघा! दुसऱ्यांचे उघडतेत," म्हणत नागनाथनं घाईघाईनं कॉम्प्युटरपुढं ऊद घातला. धूर कॅबिनेटच्या जाळीतून सरळ आत ओढला गेला.

"हे रोज करता?"

"उदबत्ती रोज. ह्यो फोटो आल्यापास्नं ऊद बी घालायलोय."

मी झाकण उघडलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग. त्याला स्वतःचा छोटा पंखा असतो. तो राखेनं आणि चिकट काजळीनं जाम झाला होता. गर्दीतला नखाएवढा चेहरा मोठा करून साफ करायचा म्हणजे कार्डाला भलतंच काम. ते तापायचं आणि अर्ध्यात मान टाकायचं. नागनाथ घाबरून आणखी धूर करायचा.

पुसूनही पंखा फिरेना. शेवटी कार्डच काढलं आणि मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किटला जोडली. आता कार्डाविना काम सावकाश होणार होतं.

डोळे आले. नाक आलं. मग चित्र थांबलं. आम्ही तिघंही स्क्रीनकडं वाकलो. मला वाटलं, ही बाई खरंच येत नाही.

हळूच ओठ उमटले. पुढचा एक दात पडलेला.

"हसायलीय," मंगल म्हणाली. "मंजी रुसली न्हवती?"

"नाही हो ताई. पंखा जाम होता."

ती पदर तोंडाला लावून खूप रडली. नागनाथनं हात जोडले आणि पुन्हा उदाकडं वळला. मी काडीपेटी उचलून खिशात घातली. मशीनला नुसती हवा पुरते.