खिशातला गणपती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला पोट फाडण्याची नाही, भुलीची भीती वाटत होती. भुलीत तोंडातून काही निसटलं तर? पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत माझ्याजवळ कुणी बसायचं नाही, असं मी बायकोला बजावलं होतं. तिला वाटलं, मला लाज वाटतेय. मी तिला तसंच वाटू दिलं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे — निदान सुरुवात करणं तरी.

सगळ्यांना माहीत असलेली हकीकत आधी सांगतो. मी माझी गाडी ट्रॅकवर पळवत होतो, शेजारी माझे साडू बसले होते. गाडी वाळूवरून घसरली, भिंतीवर आदळली. साडूंचा डावा डोळा गेला, जीव वाचला. घरात अजून म्हणतात, जिवावरचं डोळ्यावर निभावलं. यातलं एकही वाक्य तसं खोटं नाही. वाळू होती. भिंत होती. जीव वाचला. मग मी का झोपत नाही?

मी सानपाड्याला राहतो, ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टचं काम करतो. मला कुणी रागीट म्हणत नाही, कारण मी ओरडत नाही. ग्राहक फोनवर आईबहीण काढतो तेव्हाही मी 'सर' म्हणतो. पण राग जात नाही हो — तो लोणच्यासारखा आत मुरत राहतो. गाडीचं वेड त्यातूनच लागलं असावं. उलव्याच्या पुढे कंटेनर ठेवायचं एक जुनं यार्ड आहे. आमच्या ग्रुपनं ते रविवारी सकाळपुरतं मिळवलं होतं. प्लास्टिकचे कोन मांडून आम्ही वळणं आखायचो आणि त्याला ट्रॅक म्हणायचो. गाड्या आपल्या रोजच्याच, ऑफिसला नेतो त्याच. फक्त तिथे त्यांच्यावर दया करायची नाही.

आणि त्या ग्रुपमधला सुरक्षेचा मास्तर कोण? मीच. हेल्मेट आणि एअरबॅग हा माझा विषय. स्कूटरचं हेल्मेट गाडीत चालेल का, तोंड झाकणारं घातलं आणि एअरबॅग हनुवटीच्या पट्टीवर आदळली तर मानेचं काय, तोंड उघडं ठेवलं तर चेहऱ्याचं काय — यावर आम्ही तासन्तास भांडायचो. पण एका गोष्टीवर वाद नव्हता आणि ती सगळ्यांना मीच शिकवली होती. एअरबॅगच्या झाकणावर काहीही ठेवायचं नाही. लोकांना वाटतं ती उशीसारखी फुगते. ती फुगत नाही, ती फुटते. तिच्यावर ठेवलेली वस्तू समोरच्याच्या तोंडावर बंदुकीतून सुटल्यासारखी येते. गाड्या आत सोडण्याआधी मी एकेकाचा डॅशबोर्ड तपासायचो. अत्तराच्या बाटल्या, मान हलवणारे कुत्रे, कुणाच्या कुलदैवताचा फोटो — सगळं काढायला लावायचो. कुणी कुरकुर केली तर गाडी आत सोडायचो नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत गणपती होता. पितळेचा, भरीव, मुठीत मावेल एवढा, मुकुटाला टोक असलेला. गाडी घेतली त्या दिवशी पूजा झाल्यावर सासूबाईंनी तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं डावीकडे बसवला होता — नेमका एअरबॅगच्या अक्षरांवर. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, मला येत होती. तरी मी बोललो नाही. दर ट्रॅकच्या रविवारी टेपखालून दोरा ओढून तो काढायचो, कप्प्यात ठेवायचो आणि घरी येताना परत चिकटवायचो. म्हणजे मला माहीत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

आता नितीनराव. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे यजमान. कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा, मूळ साताऱ्याकडचे, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. माझे वडील आजारी पडले तेव्हा हॉस्पिटलात माझ्यापेक्षा जास्त तेच बसले. बापासारखं अंगावर घेऊन त्यांना संडासला नेलं. आणि चेष्टा? चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला सगळे जेवत असताना ते म्हणाले की आमचे साडूभाऊ गाडी अशी चालवतात, की मागून सायकलवाला हॉर्न मारतो. सगळे हसले. माझी बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसलो.

ती उचकी माझ्या कानातून गेली नाही. ऑफिसात, अंघोळ करताना, जेवताना ती मला ऐकू यायची. तुम्हाला कधी असं झालंय का — माणूस चांगला आहे हे पक्कं माहीत असतं आणि तरी त्याचं तोंड भिंतीवर घासावंसं वाटतं? मला वाटलं. खरोखर वाटलं, हाताला खाज यावी तसं. काही दिवसांनी तेच म्हणाले, आम्हालाही दाखवा की तुमचा ट्रॅक. मी लगेच हो म्हटलं.

माझ्याकडे हेल्मेटं दोन होती. एक माझं, गाडीसाठीचं, पूर्ण तोंड झाकणारं. दुसरं बायकोचं स्कूटरचं, पुढून उघडं, त्याची काच कधीच तुटून गेलेली. पाहुण्याला कुठलं द्यायचं? शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला तोंड झाकणारं हेल्मेट नसेल तर मी इतरांना परत पाठवत होतो. त्या दिवशी माझं मी घातलं आणि बायकोचं त्यांना दिलं. त्यांच्या मोठ्या डोक्यावर ते टोपलीसारखं बसलं. ग्रुपमधले हसले, त्यांनीही फोटो काढून घेतला. मला बरं वाटलं.

गाडीत बसलो, काचा वर केल्या. समोर गणपती होता. त्या दिवशी मी तो काढला नव्हता. घाईत राहिला, असं मी पुढे स्वतःला पटवायचा फार प्रयत्न केला. पण माझा हात त्याच्याकडे गेला होता. दोरा खिशात होता. नितीनरावांनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या हो. तुमच्या ड्रायव्हिंगला देव पायजेच."

मी हात मागे घेतला.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? हेच तर आजवर टाळत आलो. डोळा फुटावा असं नव्हतं. पण 'लागू दे काय लागायचं ते' — हे होतं. शब्द न् शब्द होता. ते स्वतः राहू द्या म्हणाले, हे खरं आहे. त्यांना एअरबॅग कशी फुटते ते माहीत नव्हतं, हेही खरं आहे.

मग मी गाडी सोडली. पहिली दोन वळणं नीट घेतली. ते हसत होते, वा वा करत होते. मला ते हसायला नको होते, मला त्यांची किंकाळी हवी होती. शेवटच्या वळणाच्या पलीकडे यार्डाची काँक्रीटची भिंत होती. ब्रेक कुठे दाबायचा, ती खूण मला पाठ होती. ती खूण मी जाऊ दिली. त्यांनी दाराची कडी धरली, माझ्याकडे पाहिलं, माझं नाव घेतलं — अगदी हळू, लहान मुलाला हाक मारावी तसं. तेव्हा मी ब्रेक दाबला. पण खाली वाळू आली होती.

आदळण्याचा आवाज लोक विचारतात. मला आठवतो तो दुसरा आवाज. एअरबॅगचा धडाका झाला आणि त्याच्या आतच एक बारीक, ओला आवाज झाला. नारळ फुटताना आधी करवंटीला तडा जातो, तसा. गाडीत पांढरी धूळ भरली, जळकट वास आला. माझ्या हेल्मेटच्या पट्टीवर एअरबॅग बसून माझी मान लचकली होती, एवढंच. बाजूला नितीनराव दोन्ही हातांनी तोंड धरून बसले होते आणि बोटांमधून रक्त नुसतं वाहत नव्हतं, उडत होतं. काचेवर, माझ्या बाहीवर, त्या पांढऱ्या पिशवीवर. मग ते ओरडायला लागले. मला हवी होती तीच किंकाळी. सांगतो, ऐका — अगदी एका श्वासापुरतं मला वाटलं, बरं झालं.

आणि पुढचं.

गणपती माझ्या पायाशी येऊन पडला होता. मुकुटाला रक्त होतं आणि रक्ताहून वेगळंही काही होतं. बाहेर लोक धावत येत होते. नितीनराव त्यांचा पट्टा सुटत नव्हता म्हणून लाथा झाडत होते, मला हाका मारत होते. मी खाली वाकलो. तो गणपती उचलला, पँटला पुसला, खिशात घातला. मग त्यांचा पट्टा सोडवला. या क्रमानं.

हॉस्पिटलात मी संडासात जाऊन तो नळाखाली धरला. मुकुटाच्या खाचेतलं निघेना, ते मी गाडीच्या किल्लीनं खरवडलं. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात नेमकं काय घुसलं — काहीतरी टोकदार होतं. मी म्हटलं, डॅशबोर्डचं प्लास्टिक फुटलं. शुद्धीवर आल्यावर नितीनरावांना त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. गेटवर चहा प्यालो, इथपर्यंतच. म्हणजे जगात हे जाणणारा मी एकटा उरलो होतो. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

सासूबाई आल्या त्या थेट माझ्यापाशी. त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, "देव कुठं हाय, जावईबापू?"

मी खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, ट्रॅकवर जायच्या आधी काढून जवळ ठेवला होता. त्या मटकन खाली बसल्या. तुमच्या खिशात बसून त्यानंच दोघांना राखलं, म्हणाल्या, आणि रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. घरी नेऊन त्यांनी तो चिंचेनं घासला, लखलखीत केला आणि नितीनरावांना शुद्ध आल्यावर त्यांच्या मुठीत दिला. ज्या डोळ्यावर पट्टी होती त्याच्यावर नितीनरावांनी तो टेकवला. मी पलंगाशी उभा होतो.

नितीनराव पूर्वी देवधर्मातले नव्हते. आता संकष्टी धरतात. कोपरखैरण्याच्या घरी देव्हाऱ्यात मधोमध तो गणपती आहे. गणेशोत्सवात पहिली आरती माझ्या हातून करवतात — ज्यानं देव सांभाळला त्याचा मान, म्हणतात. चेष्टा करत नाहीत. आवाजही बसलाय. एका डोळ्यानं त्यांना अंतर कळत नाही. चहा ओततात तो कपाच्या बाजूला पडतो, मग इकडेतिकडे बघून फडक्यानं पुसतात, कुणी पाहिलं नसेल असं समजून. मी पाहतो. माझी बायको म्हणते, तुम्ही त्यांच्यासाठी किती करता. मी करतो. दर रविवारी जातो, गाळ्यावर हिशेबाला बसतो, डॉक्टरकडे नेतो. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या, कानफटात मारायला हवी होती. त्यांचा तो रागच मी खिशात घातला आणि त्याच्या जागी त्यांना हात जोडायला लावले.

खरं बोललो तर सासूबाईंना काय वाटेल, त्यांनीच तर तो तिथे चिकटवला होता — हे कारण मी बरीच वर्षं वापरलं. छान कारण होतं. त्या गेल्या, त्यालाही आता दिवस झाले. मी तरी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात नितीनरावांच्या सायलीनं गाडी घेतली. मुलगी नोकरीला लागली, ऐरोलीलाच, माझ्या ऑफिसच्या दोन गल्ल्या पलीकडे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूजा होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, त्या आवाजानं माझ्या पाठीत कळ गेली. मग नितीनराव आत गेले आणि देव्हाऱ्यातला गणपती घेऊन आले. टेप आणली होती. ते डावीकडच्या दारातून वाकले, जागा धरायला गेले आणि हात हवेतच टेकवला. पुन्हा गेले, पुन्हा चुकले. सायलीनं मान फिरवली. ते हसले आणि तो माझ्यापुढे धरला.

"तुमीच लावा, साडूभाऊ. तुमच्या हातचा लागू दे."

मी म्हटलं, तिथे नको, दुसरीकडे लावू. त्यांनी विचारलं, का? माझ्या जिभेवर होतं. सगळं होतं — भिंत, खूण, किल्ली, सगळं. सायली बघत होती. सुनंदाताई हातात ताट धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, काही नाही, तिथे ऊन येतं. ते म्हणाले, देवाला कसलं ऊन.

मी वाकलो. ती अक्षरं मला दिसत होती. टेपचा कागद सोलला, गणपती त्या अक्षरांवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला, नीट बसेपर्यंत.

सायली रोज ती गाडी घेऊन कामाला जाते. सुनंदाताई शिकवतात ती शाळा रबाळ्याला, वाटेवरच. तिथपर्यंत त्या पुढच्या सीटवर तिच्या शेजारी बसतात. आज सकाळीही बसल्या असतील. मी अजून काही बोललेलो नाही.