ओळ संपल्यावर

"तीन खेपा इचारलं म्या तिले, किती टाइम लागते म्हणून. मान वर केली नाही तिनं. बाई हाय का धोंडा?"

"हळू बोला. दारात बाया बसल्या हायेत," पुष्पाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो. डबे उचलून अमडापूरच्या चक्कीवर गेल्या तं?"

"मागल्या महिन्यात गेल्याच होत्या."

मागल्या महिन्यात शालिग्रामनेच आणलेल्या माणसाने बिड्या फुंकत, त्याच्याशीच गप्पा ठोकत चक्कीच्या दगडांचे झिजलेले चर टाकी लावून पुन्हा कोरले होते. मग साऱ्या उंद्री गावाच्या भाकरीत कचकच. पुन्हा तसंच झालं, तर महाराष्ट्र झाला त्या वर्षी बसवलेली ही चक्की विकायचीच पाळी होती.

पुष्पाबाई तरातरा चक्कीच्या खोलीत गेल्या. उतरवलेल्या दगडापुढे, या खेपेला टाकी लावायला बोलावलेली झुंबरबाई मांडी घालून बसली होती.

"काऊन वं, कानात बोळे घातले का?"

टक, टक, टक. छिन्नी दगडावर मुंगीच्या चालीने सरकत होती. एक कोंबडी तिच्या मांडीवरून चालत गेली; झुंबरबाईची पापणीही हलली नाही. तिच्या मनगटापर्यंत काळे ठिपके होते, कातडीत कायमचे रुतलेले पोलादाचे कण. एकेकाळी खडी फोडणाऱ्या झुंबरबाईला तिच्या सासऱ्याने टाकी शिकवली, तेव्हा वर्षभर एकच सरळ रेघ मारून घेतली होती म्हणे. पुष्पाबाईंनी दगडाकडे पाहिलं. सगळे चर सारखे, गोधडीला टाके घालावेत तसे. त्यांना स्वतःचा श्वासही मोठा वाटू लागला.

दगडाच्या कडेशी ओळ संपली. झुंबरबाईने हात थांबवला.

"मालकानं टाइम इचारला. दिवस कलाले होईन. तुमच्या सासूबाईनं चहा इचारला. दुसरा दगड झाल्यावर घेईन. अन् बोळे नाहीत बाई, सारं आयकू येते. पण ओळीच्या मधात बोलली का टाकी खोल जाते, अन् तिथली रेती तुमच्या ताटात येते."

तिने छिन्नी पुन्हा टेकवली. पुष्पाबाई पावलं न वाजवता बाहेर आल्या. दारातल्या बायांना त्यांनी उद्या यायला सांगितलं.

दुपारी नवरा आणि सासू जेवायला बसले, तेव्हा त्यांनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, "दर पंधरा दिवसानं एक दिवस चक्की बंद राहीन. झुंबरबाई येईन. तिची ओळ चालू असली का त्या खोलीत कोणी बोलायचं नाही. तुमी बी."