सुनंदाच्या हातातली हार्ड डिस्क

चमत्काराच्या असल्या गोष्टी छापून आल्या की हसणाऱ्यांतला मी माणूस. आमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं. छप्पन साली माय नागपूरला गेली तेव्हा ताई तिच्या कडेवर होती. त्यानंतर आमच्या घरात ना अंगारा आला, ना कोणाची नजर उतरवली गेली. त्यात माझा धंदा अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आपल्याला ते सापडेपर्यंत शोधायचं... एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितोय, कारण मनावर ओझं आहे.

माय गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तिचं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं होतं. माईक तिच्यापुढे धरला की ती आधी लाजायची, मग थांबायची नाही. चांदूर रेल्वेजवळचं आमचं गाव, नागपूरचा प्रवास, परत आल्यावर गावानं बंद केलेली मजुरी, साठनंतरचे उपाशी उन्हाळे. बोलता बोलता ती ताईवर आली आणि म्हणाली, "कुसुमले शाळेतून काढलं, ते..."

तिथेच मी रेकॉर्डिंग बंद केलं. दुकानातून गिऱ्हाईकानं हाक मारली होती, हे खरं. पण गिऱ्हाईक थांबलं असतं. पुढचं मला माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं. मी तान्हा होतो, माय वावरात जायची, मला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून ताईची शाळा सुटली. मी शिकलो. ताई आयुष्यभर अंगठा उठवत राहिली. "माय, पुढचं नंतर सांग," म्हणालो. ते नंतर कधी आलंच नाही.

माय गेल्यावर ताई त्या रेकॉर्डिंगची सीडी मागायची. काढून ठेवली आहे, येताना आणतो, असं मी दर वेळी सांगायचो. काढली नव्हती. गिऱ्हाइकांना रोज बॅकअपचं शहाणपण शिकवणारा मी. मायचा आवाज मात्र घरच्या कॉम्प्युटरमधल्या एका जुन्या डिस्कवर, तेवढाच.

मे महिन्यात अमरावतीहून ताईचा फोन आला. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं धड सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "बाळू, येतानी मायची सीडी आणजो. ऐकून मंग आत जातो." मग विचारलं, "माह्यासाठी काई बोलली का रे ते त्याच्यात?"

"बोलली ना ताई. सगळं आहे."

फोन ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. ज्या जागी डिस्कची नावं दिसायला हवीत तिथे काहीच नाही. पहिली नाही, दुसरी नाही, सीडी रायटरसुद्धा नाही. मशीनला आपल्या पोटात काय आहे तेच कळत नव्हतं.

बाजूचं झाकण काढलं आणि मला माझीच लाज वाटली. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी इतकं खारं की बादलीला पांढरी पुटं धरतात. तेच पाणी मी कूलरमध्ये भरत होतो आणि कॉम्प्युटर तापू नये म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे करून ठेवलं होतं. दोन उन्हाळे ते खारं वारं आत जात होतं. केबलच्या पिनांवर मिठासारखा थर बसला होता. गिऱ्हाइकाच्या घरी हे पाहिलं असतं तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

स्पिरिटनं पिना पुसल्या, केबल बदलल्या. पहिली डिस्क दिसू लागली, सीडी रायटर दिसू लागला. मायची डिस्क मात्र नाही. दुसऱ्या जागी लावली, दुसरी वायर दिली... टक्-टक् असा आवाज करायची आणि गप्प व्हायची. बाहेर ऊन रटरटत होतं. चारची गाडी चुकली तर रात्री दवाखान्यात आत सोडणार नव्हते.

शेवटी डिस्क काढून सुनंदाला, माझ्या बायकोला दिली. म्हटलं, पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव, थंड झाली की कधीकधी एकदा चालते. ती घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. तेवढ्यात सीडी रायटर तरी धड चालतो का पाहावं म्हणून मी मशीन पुन्हा सुरू केलं.

स्क्रीनवर दोन डिस्क दिसल्या.

मला वाटलं, मशीनला जुनं आठवत असेल. पण विंडोज उघडलं आणि त्यात मायचा फोल्डर होता. क्लिक केलं. उघडला. ज्या केबलला ती डिस्क असायला हवी तिचं टोक माझ्या मांडीवर लोंबत होतं.

"अहो," सुनंदा दारातूनच म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "हे फिरून राहिलं."

मी वळून पाहिलं. ती दोन्ही हातांवर डिस्क धरून उभी होती, तापलेलं भांडं धरावं तशी.

"खाली नको ठेवू," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

कोरी सीडी घालून मी मायचं बोलणं तिच्यावर उतरवायला लावलं. ती उंबऱ्यावर उभी, मी स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकताना पाहतोय. सीडी बाहेर आली. सुनंदा म्हणाली, "थांबलं." मी फोल्डर पुन्हा उघडायला गेलो तर तिथे काही नव्हतं.

सीडी लावून पाहिली नाही. वेळ नव्हता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शेजाऱ्यांचा छोटा सीडी प्लेयर मागून घेतला आणि गाडी गाठली. बडनेऱ्यापर्यंत एकच घोर... ताई शेवटपर्यंत ऐकणार आणि वाक्य तुटणार. मग ती माझ्याकडे पाहणार.

दवाखान्यात ती उशीला टेकून बसली होती. मी इयरफोन तिच्या कानात घातले आणि पायथ्याशी बसलो. ती मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. नागपूरचा प्रवास आला असेल, मजुरी आली असेल. मी प्लेयरवरच्या आकड्यांकडे पाहत होतो. मी बंद केलं होतं ती जागा आली. आकडे थांबले.

ताईनं इयरफोन काढले नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिली. मान हलवत होती, कोणी समोर बसून सांगावं तशी. मी तिला हात लावायला धजलो नाही.

बऱ्याच वेळानं तिनं इयरफोन काढले. "शाळेत पाण्याच्या मडक्याले हात लावला म्हणून मास्तरनं मले मारलं होतं," ती म्हणाली. "मी मायले सांगतलंच नाई कधी. वाटलं, सांगतलं तं शाळा सुटन. माय म्हणते, तुह्या पाठीवरचे वळ पाहिले आन् मी भेली, म्हणून काढलं. बाळूले सांभाळाचं नुसतं नाव केलं." मग माझा हात धरला. "तिले माहीत होतं रे."

ऑपरेशन नीट झालं. ताई आता बरी आहे, भांडतेही पूर्वीसारखी. परत आल्यावर मी ती सीडी लावली. "कुसुमले शाळेतून काढलं, ते..." आणि संपली. कितीदा लावली, तिथेच संपते.

ताईला विचारलं, खरंच ऐकलंस का... की माझ्या मनावरचं उतरावं म्हणून सांगितलंस? ती म्हणाली, "तुले काऊन ऐकू आलं नाई मंग? माय काई हळू बोलत नव्हती."

डिस्क मी बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतली. आतली चकती खरवडून गेलेली, कधीपासूनच चालण्यासारखी नव्हती असं तो म्हणाला. कूलरचं तोंड आता भिंतीकडे आहे. सुनंदाला त्या दुपारबद्दल विचारलं की ती तळहात उघडून पाहते आणि कामाला लागते. मशीन बंद पडलं तर कारण असतं, हे मी अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो. ते मशीन चालू कशानं झालं, ते मात्र मला सांगता येत नाही.